लिलावात जुनी एअर रायफल घेताना: आधी बोअर, मग कागद, बोली सगळ्यात शेवटी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या छऱ्याच्या बंदुकांचा नाद असलेली माणसं बरीच आहेत. कुणाच्या माळ्यावर आजोबांची इंग्लिश बीएसए रायफल निघते. कुणी कॅम्पातल्या जुन्या बंगल्याचं सामान निघालं की जर्मन डायना शोधत जातं. आता ऑनलाईन लिलावांमुळे पुण्या-मुंबईचा आणि बेंगळुरूचा मालही घरबसल्या दिसतो. तक्रारी मात्र तीनच ठराविक असतात. "बोली लागली, पैसे भरले, आता कळलं की बोअर (नळीचा आतला व्यास) साडेपाच मिमीचा आहे." "रायफल पुण्यातच अडकलीय, कुरियरवाला हात लावत नाही." "छर्रा दहा पावलांवर पडतोय, स्प्रिंग कुठं मिळेल वो?"

तिन्हींचं मूळ एकच आहे: क्रम उलटा होतो. फोटो आवडतो, बोली लागते, मग माणूस कायदा विचारतो, शेवटी रायफल हातात घेऊन बघतो. खाली क्रम सुलटा दिला आहे. एखादा टप्पा जमला नाही तर तिथंच थांबा, पुढच्या टप्प्यावर तो भरून निघत नाही.

१. बोअर आणि ताकद: परवान्याची रेघ कुठं आहे

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे दोन मापं बघायची. नळीचा बोअर ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, याहून मोठा नको. छर्रा नळीबाहेर पडतानाची ऊर्जा २० ज्यूल, म्हणजे सुमारे १५ फूट-पाउंड, याहून जास्त नको. दोन्ही अटींत बसली तर परवाना लागत नाही. एक जरी ओलांडली तरी लागतो.

जुन्या स्प्रिंगच्या रायफलींत ऊर्जेची काळजी सहसा नसते. ८ ग्रेनचा (सुमारे अर्ध्या ग्रॅमचा) छर्रा सेकंदाला ६०० फुटांनी सुटला तर हिशेब ९ ज्यूलच्याही आत येतो. २० ज्यूल गाठायला त्याच छऱ्याला ९०० फुटांच्या वर जावं लागेल, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरगुती रायफलीत ती ताकद नसते. म्हणून माणसं अडकतात ती बोअरवर. ०.२२ इंच, म्हणजे ५.५ मिमीची एअर रायफल कितीही मऊ मारत असली, अगदी कागदाचा पुठ्ठाही भेदत नसली, तरी ती परवान्याच्या यादीत जाते.

इथं तीन गैरसमज चिवट आहेत.

"आजोबांनी घेतली तेव्हा परवाना नव्हता." असेल. पण आज ती तुमच्या नावावर येताना आजचे नियम लागतात. आजोबांची जुनी पावती वस्तूचा इतिहास सांगते, परवान्याचं काम करत नाही.

"मोडकी आहे, शोभेला ठेवणार." शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वापरता येऊ नये अशी अट आहे. स्प्रिंग तुटलेली एअर रायफल त्यात बसत नाही, कारण स्प्रिंग बदलली की ती चालते. विक्रेता हे कलम तोंडावर फेकेल. त्याला ही अट वाचायला सांगा.

"परदेशी लिलावात स्वस्त मिळते, मागवून घेऊ." एअरगनची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे. आयात परवाना नसेल तर पार्सल कस्टम्समध्येच राहतं. शिवाय ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याला एअर वेपन गिऱ्हाइकाच्या हातात समोरासमोरच द्यावं लागतं, त्यामुळे तिथली लिलावगृहं टपालाने पाठवायच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचे जुने कॅटलॉग ओळख पटवण्यासाठी उत्तम आहेत. तेवढाच उपयोग करा.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. १९०५ ते १९२५ च्या दरम्यानची बीएसए आता त्या वयाला पोचली आहे. ती देशाबाहेर, अमेरिकेतल्या मुलाकडेसुद्धा, पाठवता येत नाही. आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. तो विचारायला लाजू नका.

> तपासा: बोअर ४.५ मिमी आहे याचा पुरावा (ठशाचा फोटो किंवा मोजमाप) हाती आला का? नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, तो लॉट (लिलावातली ती वस्तू) सोडा.

२. कॅटलॉगमधली ओळ कशी वाचायची

लिलावाच्या यादीत बहुतेक वेळा एकच ओळ असते: "जुनी इंग्लिश एअर रायफल, चालू स्थितीत." या ओळीतला एकही शब्द गृहीत धरू नका. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, कुठला बोअर हे ठशांवरून ठरतं. आपल्याकडे सापडणाऱ्या मालापुरतं सांगतो.

*बीएसए.* बर्मिंगहॅमच्या या कंपनीने १९०५ पासून लिंकन जेफ्रीज यांच्या पेटंटवर एअर रायफली बनवल्या. नळीखाली लांब दांडी असते, ती खाली ओढून स्प्रिंग ताणायची. छर्रा वर असलेल्या एका फिरत्या तोटीत टाकतात, तिला टॅप म्हणतात. या जुन्या रायफलींवर बोअर मिलिमीटरमध्ये लिहिलेला नसतो, नंबरात असतो. नंबर १ म्हणजे ०.१७७, नंबर २ म्हणजे ०.२२, नंबर ३ म्हणजे ०.२५. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथं. यादीत "नंबर २ बोअर" लिहिलेलं असतं आणि घेणारा ते मॉडेलचं नाव समजतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बीएसएमध्ये कॅडेट, १९४८ ची एअरस्पोर्टर आणि १९५९ ची मीटिओर ही नावं भेटतात. एअरस्पोर्टर आणि मीटिओर दोन्ही बोअरमध्ये निघाल्या, त्यामुळे नुसत्या नावावरून काही ठरत नाही. अनुक्रमांकाच्या आधीच्या अक्षरांवरून मॉडेल आणि साधारण काळ लागतो, म्हणून त्या क्रमांकाचा सरळ, स्पष्ट फोटो मागायचाच.

*वेब्ली.* १९३२ च्या मार्क टू सर्व्हिस रायफलीची नळी बदलता येते, आणि नळ्या ०.१७७, ०.२२ आणि ०.२५ अशा तीन मापांत मिळत. एखाद्या लॉटमध्ये "जादा नळीसह" असं लिहिलं असेल तर आनंदाने उडी मारू नका. ती जादा नळीच तुम्हाला परवान्याच्या दारात नेऊ शकते. मार्क थ्री ही १९४७ नंतरची, खालच्या दांडीची, दणकट रायफल. तीही दोन्ही बोअरमध्ये आहे.

*डायना.* जर्मनीतल्या राष्टाट गावच्या मायर उंड ग्रामेलस्पाखर कंपनीची. ठशात देवी डायना एअर रायफल उंच धरून धनुष्यबाण टाकून देताना दिसते. युद्धानंतर या कंपनीची यंत्रसामग्री आणि नाव स्कॉटलंडच्या मिलब्रोकडे गेलं, म्हणून "डायना" आणि "मेड इन ग्रेट ब्रिटन" एकत्र दिसलं तर ती नकली नाही, मिलब्रोची आहे. त्या काळात ब्रिटनमध्ये अस्सल जर्मन माल "ओरिजिनल" या नावाने विकला जाई. युद्धोत्तर जर्मन डायनावर सिलिंडरच्या (स्प्रिंग असते त्या नळकांड्याच्या) मागच्या बाजूला महिना-वर्षाचा बारीक ठसा असतो. तो सापडला की वयाचा वाद मिटतो.

*देशी.* इंडियन ह्यूम पाईपच्या आयएचपी रायफली आपल्या भागात बऱ्याच घरांत आहेत. विलायती नाही म्हणून नाक मुरडणारे बघितलेत, पण सुस्थितीतली आयएचपी ही गंजलेल्या बीएसएपेक्षा केव्हाही बरी, आणि नवख्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी असं माझं मत आहे. सुटे भाग जमतात, किंमत आवाक्यात असते, आणि चुकून बिघडवली तरी काळीज तुटत नाही.

> सावध: ठसा पुसट, पण बाकी रायफल काळीभोर आणि चकचकीत असेल तर नव्याने ब्लूइंग (धातूवर निळा-काळा थर चढवणं) केलेलं आहे. घासताना अक्षरं आणि कडा गुळगुळीत होतात. वापरायला चालेल, संग्रहाची किंमत देऊ नका.

३. विक्रेत्याला लिहून विचारायचे प्रश्न

फोनवर नको, मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर जपून ठेवता येतं. बोअर किती? अनुक्रमांक काय? स्प्रिंग ताणल्यावर धरते का? लाकडी दस्ता मूळचा आहे का? नेम धरायच्या मागची-पुढची साईट दोन्ही आहेत का? आधीच्या मालकाची पावती आहे का? लिलावाआधी प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला "गरज नाही, एकदम कंडिशनमध्ये आहे" असं उत्तर आलं तर समजून जा. "चालते की वो, जरा तेल सोडलं की झालं" हे दुसरं आवडतं उत्तर. त्याचा अर्थ चालत नाही.

४. प्रत्यक्ष पाहणी

बरोबर न्या: बॅटरी, व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी), ४.५ चे दोन-तीन छर्रे, पांढरं सुती फडकं, नळीत जाईल अशी लाकडी किंवा पितळी काडी, आणि चष्मा लागत असेल तर चष्मा. फोटो काढायची परवानगी आधी घ्या.

हातात घेतल्यावर पहिलं काम: रायफल ताणलेली आणि भरलेली नाही ना, हे बघणं. माळ्यावरून निघालेल्या रायफलीत चाळीस वर्षांपूर्वीचा छर्रा अडकलेला असतो, असं घडतं. नळीचं तोंड भिंतीकडे, बोट घोड्याबाहेर. मग खालच्या क्रमाने.

(अ) *बोअर.* मागच्या बाजूने ४.५ चा छर्रा बसवून बघा. घट्ट बसला तर ठीक. आरपार घसरून गेला तर बोअर मोठा आहे, ठसा काहीही म्हणो. टॅपच्या रायफलीत टॅपमधून कळत नाही, कारण टॅपचं भोक तसंही सैल असतं. तिथं नळीच्या तोंडाशी व्हर्नियर लावा.

(आ) *नळी.* फडकं काडीने आरपार ओढा आणि मग बॅटरी धरून बघा. मळलेली नळी वाईट दिसते पण साफ होते. गंजाने खड्डे पडलेली नळी साफ होत नाही. मागून बघताना आतलं वर्तुळ एका बाजूला सरकलेलं दिसलं तर नळी वाकलेली आहे. नळी मोडून (खाली वाकवून) ताणायच्या रायफलीत असं होण्याचं कारण ठरलेलं: कुणीतरी नळी उघडी असताना घोडा ओढलेला असतो आणि नळी धाडकन मिटलेली असते.

(इ) *सांधा.* मोडायच्या रायफलीची नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ नको. दांडीच्या रायफलीत टॅप फिरवून बघा. तो ताठ फिरला पाहिजे. टॅप झिजला तर हवा तिथूनच निघून जाते, आणि जुन्या बीएसएचा टॅप बदलणं म्हणजे नवा घडवून बसवणं. हा दोष स्प्रिंगच्या दोषासारखा धरू नका, रायफलीचा जीव तिथं असतो.

(ई) *स्क्रू.* स्क्रूची डोकी सांगतात ते विक्रेता सांगत नाही. खाचा कुरतडलेल्या, चुकीचा स्क्रू, नवा चमकणारा स्क्रू: रायफल कुणीतरी उघडली आहे. नीट उघडली की नाही हे आत बघितल्याशिवाय कळणार नाही, किंमत मात्र आत्ताच खाली आणा.

(उ) *दस्ता.* मूळ दस्ता बहुतेक अक्रोडाचा किंवा बीचचा. आपल्याकडे मोडलेल्या दस्त्याच्या जागी सुताराकडून सागवानी करून घ्यायची पद्धत होती, आणि खानापूरच्या सागाने बनलेले काही दस्ते मूळच्यापेक्षा देखणे आहेत. देखणे असले तरी मूळ नव्हेत. पकडीच्या बारीक जागी चीर आहे का, वाळवीची भोकं आहेत का, धातू आणि लाकडाच्या रेघेवर गंज उतरलाय का, हे बघा. घाम आणि पावसाची ओल तिथंच साचते.

(ऊ) *ताणणं.* मालकाची परवानगी असेल तरच. नळी किंवा दांडी हाताने घट्ट धरून ठेवा, सोडू नका, ब्रीचमध्ये (छर्रा घालायच्या तोंडाशी) बोट घालायचं असेल तर दुसऱ्या हाताची पकड कायम ठेवा. ताणताना खरखर लागली तर स्प्रिंग वाकलेली किंवा कोरडी आहे. ताण एकदम हलका लागला तर ती तुटलेली असू शकते. रिकामी रायफल झाडू नका. छर्रा नसला की पिस्टनला समोर हवेची उशी मिळत नाही, तो सिलिंडरच्या टोकावर आदळतो. सुरक्षित आडोसा असेल तर छर्रा घालून झाडा, नाहीतर ताणलेली तशीच ठेवून न देता मालकाकडूनच मोकळी करून घ्या.

दोष दोन ढिगांत टाका. स्प्रिंग, पिस्टनचं चामडी वॉशर, ब्रीचचं वॉशर, साधे स्क्रू: हे खर्चाचे दोष, किंमतीतून वजा करा. खड्डे पडलेली नळी, वाकलेली नळी, झिजलेला टॅप, आतून ओरखडलेला सिलिंडर, कापलेला दस्ता, हरवलेली मूळ साईट: हे सोडून द्यायचे दोष. अगदी दुर्मिळ मॉडेल असेल तर सुट्या भागांच्या भावाने घ्या.

> तपासा: पाहणी झाली नसेल आणि विक्री "जशी आहे तशी" या अटीवर असेल, तर दुसऱ्या ढिगातला निदान एक दोष आहे असं धरूनच पुढचा हिशेब करा.

५. वरची मर्यादा उलट्या हिशेबाने काढा

बोली म्हणजे किंमत नव्हे. हातोडा पडला त्या आकड्यावर लिलावगृहाचा प्रीमियम (त्यांचं कमिशन) चढतो, प्रीमियमवर जीएसटी चढतो, मग आणण्याचा खर्च, मग दुरुस्ती. काही ठिकाणी हातोड्याच्या किमतीवरही कर असतो. अटींचं पान शेवटपर्यंत वाचा.

समजा घरात सगळं मिळून २०,००० रुपयांच्या वर जायचं नाही असं ठरलंय. गाडीखर्च १,२०० धरला, स्प्रिंग आणि वॉशरसाठी १,८०० धरले. उरले १७,०००. प्रीमियम १५ टक्के आणि त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी असेल तर बोलीच्या प्रत्येक १०० रुपयांना ११७ रुपये ७० पैसे जातात. म्हणून १७,००० ला १.१७७ ने भागायचं. (१७७ हा आकडा इथंही भेटावा हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहायला बरा.) उत्तर येतं १४,४०० च्या आसपास. तुमची शेवटची बोली १४,०००. हा आकडा लिहून खिशात ठेवायचा.

परदेशी कॅटलॉगमधल्या किमती रुपयांत बदलून इथं लावू नका. तिथं माल मुबलक, सुटे भाग मुबलक, गिऱ्हाईक वेगळं. इथल्या मागच्या विक्रीचे आकडे, तेही तशाच स्थितीतल्या रायफलीचे, तेवढेच कामाचे.

६. बोलीचा दिवस

ऑनलाईन असेल तर नोंदणी, ओळखपत्र आणि अनामत रक्कम दोन दिवस आधी उरका. नेटवर्क खानापूरच्या पुढं भरवशाचं नाही, त्यामुळे जांबोटीकडे राहणाऱ्यांनी आधीच लेखी कमाल बोली देऊन ठेवणं शहाणपणाचं.

समोर बसून बोली असेल तर सुरुवातीला गप्प राहा. आपल्याकडे जत्रेत देवीच्या नारळाचा सवाल चढतो तसा इथं ईर्षेने आकडा चढवायचा नाही. तिथं पैसे देवीला जातात. ठरलेला आकडा ओलांडला की हात खाली. राखीव किंमत (विक्रेत्याने ठरवलेला किमान आकडा) गाठली नाही म्हणून लॉट परत गेला तर लिलावानंतर तुमचा आकडा लेखी कळवून ठेवा. अशा रायफली पुष्कळदा नंतर त्याच भावात मिळतात.

७. पावती, आणि ती कुठल्या भाषेत

पैसे द्यायच्या आधी पावतीचा मसुदा बघा. त्यात हे हवंच: "एअर रायफल" हा शब्द (नुसतं "गन" किंवा "अँटिक वस्तू" नको), कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, बोअर ४.५ मिमी, विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, रक्कम, सही. अनुक्रमांक नसेल तर "अनुक्रमांक नाही" असं स्पष्ट लिहून ओळखीच्या खुणा लिहा. विक्रेता दुकानदार असेल तर तो तुमच्या ओळखपत्राची प्रत मागेल. द्या, आणि प्रतीवर कशासाठी दिली ते लिहून सही करा.

सीमाभागातल्या माणसाने एक काम जास्तीचं करावं. पावती मराठीत असली तरी त्याच कागदावर कन्नड किंवा इंग्रजीत दोन ओळींचा मजकूर असू द्या. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे वर्दी बदलते, वाचणाऱ्याची लिपीही बदलते. रात्री अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात भाषेचा मुद्दा काढून काही मिळत नाही, दोन ओळींनी काम होतं.

घरातल्या घरात रायफल येत असेल, काकांकडून पुतण्याकडे, तरीही कागद करा. नातं आहे म्हणून कुणी लिहीत नाही, आणि पुढं विकताना तोच कागद नसतो.

८. घरी आणणं

कुरियर बहुतेक नाकारतात, आणि "लोखंडी पाईप" असं खोटं लिहून पाठवणं म्हणजे आपणच आपल्यावर संशय ओढवून घेणं. स्वतः जाऊन आणा. विमानाने सांब्र्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरायचा बेत असेल तर विमान कंपनीचं लेखी उत्तर आधी घ्या, हातातल्या सामानात तर ती नेताच येत नाही.

गाडीत: रायफल मोकळी (ताणलेली नाही), रिकामी, कव्हरमध्ये, डिकीत. छर्रे वेगळ्या पिशवीत. पावतीची मूळ प्रत जवळ, दुसरी प्रत कव्हरमध्ये, फोटो मोबाईलमध्ये. पोलिसांनी विचारलं तर आधी सांगा, मग उघडा. विचारायच्या आत हात घालून बाहेर काढू नका.

दिवस निवडताना कॅलेंडर बघा. निवडणुकीची आचारसंहिता, १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागात काळा दिवस) आसपासचे दिवस, आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तो काळ: या वेळी बेळगावात जागोजागी नाकाबंदी असते आणि हत्यारं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात. परवाना न लागणारी एअर रायफलसुद्धा अशा आदेशाच्या भाषेत सापडू शकते. आठवडाभर थांबलात तर रायफल कुठं पळून जात नाही.

रस्ता निवडतानाही तसंच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. खानापूरहून हेम्माडग्यामार्गे जाणारा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो. गोव्यातून येताना जंगलातला जवळचा रस्ता घेण्याऐवजी विचारपूस करून सरळ मोठ्या रस्त्याने या. वनखात्याच्या नाक्यावर "छऱ्याचीच आहे" हे उत्तर चालत नाही. आणि पाखरं मारायला म्हणून जे ही रायफल घेतायत, त्यांच्यासाठी हा लेख नाही. तो गुन्हा आहे.

९. पहिल्या आठवड्यात काय करायचं, काय नाही

झाडायची घाई नको. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, अनुक्रमांकाची नोंद, मग बाहेरून सफाई.

पिस्टनला चामडी वॉशर असलेल्या जुन्या रायफलीत ते वाळून कडक झालेलं असतं. हवा जाते त्या छिद्रातून तेलाचे मोजके थेंब सोडून रायफल रात्रभर नळी वर करून उभी ठेवा. जास्त तेल सोडलं तर पहिल्या फटक्याला ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, आणि स्प्रिंगवर ताण बसतो. गंज सोडवायचे स्प्रे या जागी कधीच नकोत. नंतरच्या काळातल्या, कृत्रिम सील असलेल्या रायफलीत तेल सोडायचंच नाही.

वॉशर मेलेलं असेल तर नवं करून घेता येतं. अथणीच्या चपलांना लागणारं, झाडाच्या सालीत कमावलेलं जाड चामडं यासाठी चांगलं. गोल कापून, पाण्यात भिजवून, साच्यात दाबून वाटीचा आकार द्यायचा, पूर्ण वाळल्यावर तेलात मुरवायचं. साचा आणि स्प्रिंगचा मार्गदर्शक दांडा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही जाणता टर्नर (लेथवाला) करून देतो.

> सावध: टर्नरकडे सुटा भाग न्या, रायफल नव्हे. नळी कापणं, बोअर वाढवणं, ताकद वाढवणं यातलं काहीही करून घेऊ नका. ४.५ ची ५.५ केली की तुम्ही परवान्याच्या रेघेपलीकडे गेलात, आणि करून देणारा माणूसही अडकला.

स्प्रिंग काढताना मागचा स्क्रू किंवा पिन हाताने सोडवायची नाही. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, सुटली तर मागचा भाग तोंडावर येतो. सुताराचा लांब शिकंजा लावून दाब धरायचा, पिन काढायची, मग शिकंजा हळूहळू सैल करायचा. शिकंजा नसेल तर ते काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या.

१०. पावसाळ्याआधीची नोंद आणि ठेवण

खानापूर पट्ट्यातल्या पावसात चार महिन्यांत रायफलीची रया जाते. रेक्झिनच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. कव्हर फक्त प्रवासाला. घरी सुती कापडात, कोरड्या कपाटात, भिंतीला न टेकवता, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जूनच्या आधी धातूवर तेलाचा पातळ हात फिरवा, आणि दर पंधरवड्याला काढून दस्त्याच्या रेघेवर बोट फिरवून बघा. बोटाला तांबडं लागलं तर त्याच दिवशी पुसायचं. ताणलेली कधीही ठेवायची नाही. कपाटाला कुलूप, छर्रे दुसऱ्या खणात, किल्ली मुलांना माहीत नाही अशा जागी.

प्रत्येक रायफलीला एक पाकीट करा: पावती, लिलावाच्या कॅटलॉगचं पान, विक्रेत्याशी झालेल्या मेसेजच्या प्रती, आलेल्या दिवसाचे फोटो, बदललेल्या भागांची यादी. काढलेली मूळ स्प्रिंग आणि वॉशरही त्याच पाकिटात, चिठ्ठी लावून. आणि ते पाकीट कुठं आहे हे घरातल्या निदान एका माणसाला सांगून ठेवा.